खिडकीकडच्या खाटेची बेल

मास्तरीणबाईंनी जन्मात कधी कोणाला शिकवलं नाही. नवरा मास्तर म्हणून बायको मास्तरीणबाई, एवढंच. आणि मास्तर तरी कुठे शाळेतले होते? संध्याकाळी वर्ग घेऊन पोरांना कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायला शिकवायचे. दिवसा घराच्या पुढच्या खोलीत समोरासमोर दोन टेबलं लावून नवराबायको लोकांना प्रोग्राम लिहून द्यायची. दोन-चार दवाखाने, एक गोदाम, एक वाचनालय, असली गिऱ्हाइकं. त्यात कोणी बंगला बांधत नाही, पण कोणापुढे हात पसरायची वेळही आली नाही.

त्या खोलीचा एक नियम होता. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचं. दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळसुद्धा दाराबाहेर जायची नाही. लिहायचे बहुतेक वेळा मास्तर आणि वाचायच्या मास्तरीणबाई. त्या चष्मा पुसायला लागल्या की मास्तर म्हणायचे, "बसली आमची तपासनीस." चूक सापडली की आधी हुज्जत घालायचे, मग गप्प व्हायचे, मग उठून आत जाऊन चहा करून आणायचे. चहा पुढ्यात आला की समजायचं, चूक कबूल. तोंडानं "चुकलो" म्हणतील तर शपथ.

वर्गाच्या पहिल्या आठवड्यात मास्तर घरातले डबे पिशवीत घालून न्यायचे. खरेखुरे, स्वयंपाकघरातले. त्यावरून आईची बोलणी खायचे. म्हातारी ओरडायची, "अरे, साखर ताटात ओतून ठेवलीस, मुंग्या तुझा बाप काढणार का?" मास्तर हसायचे आणि सटकायचे.

डबे कशाला, तर ज्या भाषेत ते प्रोग्राम लिहायचे, तिला एक खोड आहे. सुटा आकडा असला तर तिला बेरीज-वजाबाकीला चालतो. पण तो यादीत ठेवायचा म्हटलं की यादी नाक मुरडते. तिला सुटा माल नको, वस्तू पाहिजे. मग आकडा आधी डब्यात भरायचा आणि तो डबा यादीत ठेवायचा. हे भरण्याचं काम भाषा आपणहून, न सांगता करते, आणि म्हणूनच माणूस फसतो. आपण डब्याशी बोलतोय की आतल्या आकड्याशी, हे त्याच्या ध्यानात राहत नाही.

मास्तर दोन सारखे डबे टेबलावर ठेवायचे, दोन्हीत पाच-पाच शर्टाची बटणं. "हे एकच आहेत का?" पोरं माना डोलवायची. "एकच कसे? ढळढळीत दोन दिसतायत. आतलं सारखं आहे, डबे वेगळे. भाषेला विचारताना नीट विचारा. 'हाच तो डबा का?' असं विचारलंत तर ती नाही म्हणेल आणि तिचं खरं असेल. 'आत तेच आहे का?' असं विचारा. डब्याला भुलू नका, झाकण उघडा." शिकून गेलेली पोरं रस्त्यात भेटली तरी "झाकण उघडा" म्हणून मास्तरांची नक्कल करायची. मास्तरांना ते मनातून आवडायचं.

मग मास्तर आजारी पडले. छातीचं दुखणं होतं, लांबलं. मोठ्या दवाखान्याच्या जुन्या इमारतीत त्यांना ठेवलं. तिथं बेल होती, पण अख्ख्या वॉर्डाला मिळून एकच आवाज. कोणीही बटण दाबलं तरी दाराशी तीच घंटा, आणि सिस्टरनं एकेका खाटेला विचारत फिरायचं, "तुम्ही बोलावलं का?" एका दुपारी मास्तरांना धाप लागली. करडी सिस्टर धावत आली, पण दुसऱ्या टोकाकडून विचारत विचारत. मास्तरांपाशी पोचेपर्यंत त्यांचे ओठ काळे पडले होते.

करडी सिस्टर म्हणजे त्या दवाखान्यातली जुनी बाई. हसणं माहीत नाही, बोलणं मोजकं, पेशंटचे नातेवाईक तिला टरकून असायचे. त्या दिवशी मास्तरीणबाई तिच्यावर चिडल्या. मास्तर जरा सावरल्यावर म्हणाले, "तिच्यावर कशाला चिडतेस? बोलावलं कोणी, हे तिला कळणार कसं? ती काय देव आहे?"

आणि बसले ना गडी खाटेवर उशी मांडीवर घेऊन प्रोग्राम लिहायला. प्रत्येक खाटेला स्वतःचं बटण, आणि सिस्टरच्या टेबलामागे भिंतीवर फलक. बटण दाबलं की फलकावर खाटेचा नंबर पेटणार आणि बेल वाजणार. प्रत्येक वॉर्डाच्या फलकाला त्याच्या खाटांची यादी दिलेली. पैसे घेतले नाहीत. मास्तरीणबाईंनी तिथंच, स्टुलावर बसून ते वाचलं. डोळे अक्षरांवर होते आणि कान नवऱ्याच्या श्वासावर. खरं सांगायचं तर असं वाचणं काही वाचणं नव्हे. पण माणूस आणखी काय करणार?

जुन्या इमारतीच्या सगळ्या खाटांची बटणं दाबून पाहिली, सगळी वाजली. मास्तरांना ते ऐकायला मिळालं. शेवटचे काही दिवस ते उगाचच बटण दाबायचे. करडी सिस्टर यायची, कपाळाला आठ्या. "काय पाहिजे?"

"काही नाही. येता का बघत होतो."

"आले ना? झोपा आता."

मास्तर गेल्यावर दवाखान्यानं फलकाखाली एक पितळी पाटी लावली: ही बेल मास्तरांनी दिली. सासूबाई गुडघे दाखवायला दवाखान्यात जायच्या तेव्हा वाकडी वाट करून त्या पाटीपाशी जायच्या आणि रुमालानं पुसायच्या. वॉर्डातल्या आयाबायांनाही ते माहीत झालं होतं. म्हातारीला खुर्ची आणून द्यायच्या.

दोन वर्षं गेली. समोरचं टेबल रिकामं, पण मास्तरीणबाई काम रेटत होत्या. मास्तरांनी लिहिलेल्या प्रोग्रामांना मात्र त्या हात लावायच्या नाहीत. लागलंच तर नवीन काही बाजूला जोडायच्या. लोक गेलेल्या माणसाचे कपडे कपाटात तसेच ठेवतात, यांनी त्यांच्या ओळी ठेवल्या होत्या.

मग दवाखान्याची नवी इमारत उघडली. जुन्या इमारतीत एकशेवीस खाटा होत्या, नव्या वॉर्डाचे नंबर तिथून पुढे सुरू झाले. नंबर वाढवायला मास्तरांनी सोय ठेवलेलीच होती. दवाखान्याच्या माणसानं नवे नंबर यादीत घातले, दाराजवळच्या दोन-तीन खाटांची बटणं दाबली, बेल वाजली, झालं काम. नवा वॉर्ड दाराकडून भरत गेला. सहा पेशंट आले, सगळे पहिल्या खाटांवर.

सातवा आला तो शिंपीकाका. म्हातारा, पायात जोर नाही, श्वास अपुरा. त्याला दाराजवळची खाट दाखवली तर म्हणाला, मला खिडकीकडची द्या. जन्मभर उजेडाला बसून सुईत दोरा ओवलेला माणूस, तो अंधाऱ्या कोपऱ्यात कसा राहणार? दिली. ती वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती, एकशे चौतीस नंबरची. मुलगी दिवसभर उशाशी असायची, त्यामुळे बेल दाबायची वेळ कधी आलीच नाही.

एका दुपारी मुलगी खाली जेवायला गेली. जाताना बटण बापाच्या हातात देऊन गेली. "काही लागलं तर हे दाबा, सिस्टर येतील." वॉर्डात नव्या इमारतीत बदली होऊन आलेली करडी सिस्टर एकटी होती, दाराजवळच्या पेशंटचं औषध काढत होती, फलक तिच्या डोक्यावर. मुलगी परत आली तेव्हा बाप खाटेखाली पडलेला होता, डोक्याला खोक, हातात बटण. तिसऱ्या दिवशी तो गेला.

मुलीनं दवाखाना डोक्यावर घेतला, आणि का घेऊ नये? मोठ्या डॉक्टरांनी चौकशी केली. प्रोग्राममध्ये बटण दाबल्याची खूण उमटलेली होती, दोनदा. दाराजवळची बेल वाजवून पाहिली, ती छान वाजली. म्हणजे बेल ठीक, पेशंटनं दाबलीही, सिस्टर गेली नाही. करडी सिस्टर एकच सांगत राहिली की बेल वाजली नाही. कोण ऐकतं? आधीच बाई तोंडाची फटकळ, बाजू घेणारं कोणी नाही. तिला घरी बसवलं. शेवटच्या खाटेपर्यंत चालत जाऊन बटण दाबून बघावं, हे एवढ्या शिकलेल्या माणसांत एकालाही सुचलं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते काय वेगळं?

मोठ्या डॉक्टरांनी मास्तरीणबाईंना बोलावलं. बेल ठीक चालते एवढं त्यांच्या तोंडून पाहिजे होतं, म्हणजे प्रकरण मिटलं. त्या गेल्या तेव्हा दाराबाहेरच्या बाकावर करडी सिस्टर बसलेली. साध्या कपड्यांत ती एकदम म्हातारी दिसत होती.

"मास्तरीणबाई," ती उठली नाही, बसूनच बोलली, "बेल वाजली नाही. मी फलकाखालीच होते. मास्तर नुसते बघायला बेल दाबायचे तरी मी जायची, तुम्हाला माहीत आहे."

मास्तरीणबाईंना माहीत होतं. त्या डॉक्टरांकडे गेल्याच नाहीत, तशाच नव्या वॉर्डात गेल्या. तिथल्या आयाला म्हणाल्या, "मी फलकासमोर उभी राहते. तुम्ही दारापासून एकेका खाटेचं बटण दाबत शेवटपर्यंत जा आणि नंबर ओरडा." आया निघाली. एकशे एकवीस, नंबर पेटला, बेल वाजली. एकशे बावीस, वाजली. अशी एकामागून एक वाजत गेली, आणि मास्तरीणबाईंना नाही म्हटलं तरी बरं वाटत होतं. आपल्या माणसाचं काम आहे हे.

मग शांतता झाली. आया लांबून ओरडली, "दाबली हो."

"कुठली?"

"एकशे अठ्ठावीस. केव्हाची दाबतेय."

आकडा ऐकला आणि मास्तरीणबाईंनी आयाला परत बोलावलं. प्रोग्राम उघडून बघायचीही गरज उरली नाही. या धंद्यातल्या माणसाला तो आकडा ऐकूनच कळतं.

तर ते असं असतं. छोट्या आकड्यांचे डबे त्या भाषेनं आधीच भरून फळीवर मांडून ठेवलेले असतात, एकशे सत्तावीसपर्यंत. त्यातला आकडा कितीदाही मागा, फळीवरचा तोच डबा हातात येतो. त्यामुळे तिथवर 'हाच तो डबा का?' असं चुकीचं विचारलं तरी उत्तर बरोबर मिळतं. एकशे अठ्ठावीसला फळी संपते. मग मागाल तेव्हा नवा डबा. शिंपीकाकानं बटण दाबलं, एकशे चौतीसचा एक डबा तयार झाला. फलकाच्या यादीत एकशे चौतीसचा दुसरा डबा बसलेला. प्रोग्रामनं विचारलं, हाच तो डबा का? भाषा म्हणाली, नाही. मग प्रोग्राम यादीतून पुढे गेला, कुठंच काही सापडलं नाही, आणि तो गप्प बसला.

घरी येऊन त्यांनी ती ओळ शोधून काढली. वाटलं होतं तसंच होतं. ज्या माणसानं आयुष्यभर "झाकण उघडा" म्हणून घसा कोरडा केला, त्यानं स्वतः झाकण उघडलं नव्हतं. दिव्याखाली अंधार. धाप लागलेल्या माणसानं उशीवर लिहिलेली ओळ, आणि ती जिच्या नजरेखालून गेली ती समोर बसून त्याचा श्वास ऐकत होती. मास्तरीणबाई किती तरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. त्यांना मास्तरांचा राग आला, खूप राग आला, आणि तो कुणावर काढायचा हे कळेना.

सासूबाईंपासून लपवणं शक्य नव्हतं, एका घरात दोनच माणसं. संध्याकाळी मास्तरीणबाईंनी दोन डबे पुढ्यात ठेवून त्यांना सगळं सांगितलं. म्हातारी शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, "डब्याबिब्याचं मला सांगू नकोस. तो माणूस माझ्या लेकामुळे मेला, असं म्हणायचंय का तुला?"

"बेल वाजली नाही, आई. वाजायला हवी होती."

"मग सांग, तू केलंस म्हणून. तू आहेस इथं, तू निभावशील. चार लोक बोलतील, तू चार शब्द सुनावशील. तो कसा उत्तर देणार?" म्हातारीचा आवाज फुटला. "गेलेल्या माणसाला बोलायला तोंड असतं का?"

हे मास्तरीणबाईंच्याही मनात येऊन गेलं होतं. सगळं आपल्या अंगावर घ्यायचं, पाटी भिंतीवर राहील, म्हातारीचा रुमाल चालू राहील. त्यात वाईट काय? त्या म्हणाल्या, "आई, सिस्टरवर खोटा आळ आलाय, तो काढायचाय. एक खोटं काढायचं आणि त्या जागी दुसरं बसवायचं, हे कसं करू?"

"आपलेच दात, आपलेच ओठ," सासूबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्या जेवल्या नाहीत. मास्तरीणबाईंनाही घास गेला नाही.

सकाळी त्या दवाखान्यात जायला निघाल्या. चपला घालताना मागून काठीचा आवाज आला. सासूबाई हातात कप घेऊन उभ्या होत्या, अर्धा चहा बशीत सांडलेला. लग्न होऊन या घरात आल्यापासून सुनेनं सासूला चहा द्यायचा, उलटं कधी झालं नव्हतं. म्हातारीनं कप पुढे केला. मास्तरीणबाईंनी तो घेतला आणि उभ्याउभ्या प्यायला. साखर घालायची राहिली होती, पण शेवटचा थेंब संपवूनच त्या निघाल्या.

मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते, फक्त दमलेले होते. त्यांनी सगळं ऐकलं, डोळे चोळले आणि म्हणाले, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही ते गुपचूप दुरुस्त करा. सिस्टर तशाही यंदा निवृत्त होतायत, त्यांना कोणी त्रास देणार नाही. मास्तरांबद्दल इथं सगळ्यांना आदर आहे. तो जाऊ कशाला द्यायचा?"

"सिस्टर निवृत्त होतायत म्हणूनच सांगतेय. एवढी वर्षं काम करून शेवटी हे घेऊन घरी जायचं का त्यांनी?"

"लोक दवाखान्याला नावं ठेवतील."

"ठेवतील. दाराजवळची एक बेल वाजवून तुम्ही चौकशी संपवलीत, तेवढं ऐकून घ्यावं लागेल." एवढं बोलल्यावर मास्तरीणबाईंनाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं. "तुम्ही नाही सांगितलंत तर शिंप्याच्या मुलीला मी जाऊन सांगणार आहे. तुम्ही सांगितलंत तरी जाणारच आहे."

डॉक्टरांनी समोरचा कागद ओढला आणि पेन उघडलं. मग विचारलं, "चूक कोणाची म्हणून सांगू?"

"लिहिली त्यांनी, वाचली मी. दोघांच्याही हातून सुटली. असंच सांगा, कमी नको, जास्त नको."

शिंपीकाकाचं दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला खुंटीवर अर्धवट शिवलेले कपडे, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. मुलगी बापाच्या जागेवर बसून कोणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होती. मास्तरीणबाईंनी आपण कोण ते सांगितलं तसे तिचे हात थांबले.

"त्या सिस्टरची रदबदली करायला आलात का? ती बाई कुठं तरी गप्पा मारत बसली असणार."

"नाही. ती फलकाखालीच होती. बेल वाजली नाही. खिडकीकडच्या खाटेची बेल वाजत नव्हती, कधीच वाजली नसती. ती आमची बेल होती."

डब्यांची गोष्ट तिला सांगायची गरज नव्हती, मास्तरीणबाईंनी सांगितलीही नाही. एवढंच सांगितलं की प्रोग्राममध्ये एक चूक होती, मोठे नंबर त्याला ओळखू येत नव्हते, ती नवऱ्यानं केली आणि आपल्या नजरेतून निसटली. मुलगी ऐकत होती, पण तिचं मन दुसरीकडेच अडकलं होतं.

"म्हणजे बाबांनी बेल खरंच दाबली होती?"

"दाबली होती. दोनदा."

"दोनदा." मुलीनं कोट मांडीवरून बाजूला ठेवला. "दवाखान्यानं सांगितलं होतं, पण मनातून मला वाटायचं, दाबलीच नसेल. कोणाला त्रास द्यायचा नाही हा स्वभाव. दाबली होती हे ऐकून मला बरं वाटायला हवं का?" ती थांबली. "दोनदा दाबली आणि वाट बघितली असेल. कोणी येत नाही म्हणून उठले असतील. आणि मी खाली जेवत होते."

"तुम्ही बेलच्या भरवशावर गेलात. तुमचं काही चुकलं नाही."

मुलगी रडली नाही. मशीनच्या चाकावर हात ठेवून तशीच बसली. मग म्हणाली, "माझ्याकडून माफीबिफी मिळायची नाही तुम्हाला."

"ती मागायला नाही आले."

"आणि त्या सिस्टरला मी वाट्टेल ते बोलले. सगळ्यांदेखत." तिनं कोट परत उचलला, अस्तर नीट केलं. "त्यांचं घर कुठं आहे ते सांगा. हे तुम्ही नका सांगू, माझं मी सांगते."

ती गेली. काय बोलली, सिस्टरनं काय उत्तर दिलं, ते त्या दोघींनाच माहीत. चार दिवसांनी करडी सिस्टर कामावर आली, पूर्वीसारख्याच आठ्या घेऊन.

ओळ दुरुस्त करायला मास्तरीणबाईंना फार वेळ लागला नाही. बदल एवढाच, 'हाच तो डबा का?' ऐवजी 'आत तेच आहे का?' आणि काहीच सापडलं नाही तर गप्प न बसता सगळ्याच फलकांवर बेल वाजवायची. पण नियम नियम होता, दुसऱ्याच्या नजरेखालून जायला हवं. मास्तरांची एक जुनी विद्यार्थिनी, आता दोन लेकरांची आई, तिला बोलावलं आणि मास्तरांच्या टेबलावर बसवलं. दोन वर्षांत त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. तिनं सावकाश वाचलं, एका जागी बोट ठेवून प्रश्न विचारला, परत वाचलं, आणि मान हलवली.

दवाखान्यात जाताना सासूबाई म्हणाल्या, "मी येते." गुडघ्यांची तारीख नव्हती त्या दिवशी.

नव्या वॉर्डातला फलक जुन्यासारखाच होता, आणि त्याखाली मास्तरांची तशीच पाटी, नवी इमारत झाली तेव्हा लावलेली. आयानं खुर्ची आणून दिली. म्हातारी बसली. रुमाल हातात होता, घडी केलेला, पण तिनं पाटीकडे हात नेला नाही. करडी सिस्टर टेबलाशी औषधं मांडत होती.

मास्तरीणबाई वॉर्डाच्या शेवटापर्यंत चालत गेल्या. खिडकीकडची खाट रिकामी होती, चादर ताणून घातलेली, उजेड सगळा तिच्यावर पडलेला. त्या चपला काढून खाटेवर आडव्या झाल्या, म्हाताऱ्यासारखं उशीवर डोकं ठेवलं. इथून दार दिसत नव्हतं, सिस्टरचं टेबलही दिसत नव्हतं, नुसतं छत आणि खिडकी. बटण हातात घेतलं आणि त्यांना एकदम भीती वाटली. वाजलं नाही तर? शिंपीकाकालाही असंच वाटलं असेल, पहिल्यांदा दाबल्यावर. त्यांनी दाबलं.

लांब, दारापाशी, बेल वाजली.

मग पावलं ऐकू आली, घाई नसलेली, न थांबणारी. करडी सिस्टर खाटेशी आली, आधी बेल बंद केली, कपाळाला आठ्या.

"काय पाहिजे?"

मास्तरीणबाईंना बोलायचं होतं ते वेगळंच होतं, पण तोंडातून आलं ते मास्तरांचं. "काही नाही. येता का बघत होते."

"आले ना?" सिस्टर म्हणाली, आणि मास्तरीणबाई मास्तर गेल्यापासून जे रडल्या नव्हत्या ते त्या खाटेवर रडल्या. सिस्टरनं त्यांना उठवलं नाही. कडेला उभी राहिली, हात त्यांच्या खांद्यावर ठेवून.

तेवढ्यात काठी टेकल्याचा आवाज आला. सासूबाई एवढा लांब वॉर्ड एकट्या चालत आल्या होत्या, धापा टाकत. खाटेच्या पायथ्याची दांडी धरून उभ्या राहिल्या. "वाजली," त्या म्हणाल्या. "तिकडं चांगली ऐकू आली."

मग त्या सिस्टरकडे वळल्या. या बाईला आपल्या लेकाच्या चुकीपायी काय काय ऐकून घ्यावं लागलं, हे म्हातारीला कोणी परत सांगायची गरज नव्हती. त्यांनी मुठीतला रुमाल जरा वर केला.

"सिस्टर, ती पाटी पुसली तर चालेल का?"

मास्तरीणबाई डोळे पुसून खाटेवरून उठल्या. करडी सिस्टरनं खाटेची चादर सारखी केली, बटण उशाशी ठेवलं. मग म्हातारीचा हात धरला. "चला," ती म्हणाली, "मी खुर्ची सरकवून देते."